टोपीतले पाय

ज्युस्तांला दोघांनी स्वयंपाकघरातल्या खुर्चीसकट उचलून रिंगणात आणलं, तेव्हा बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. जत्रेच्या खेळात अंगावर धावून येणाऱ्या गाईवरून उडी मारायला निघालेला माणूस असा बिशपच्या थाटात बसून येताना गावाने कधी पाहिला नव्हता.

"काय रे, पाय गळाले का?" कठड्यावरून कुणीतरी ओरडलं.

"पाय ठणठणीत आहेत," खुर्चीची डावी बाजू धरलेला रेमों धापा टाकत म्हणाला. "शपथ आडवी येतेय."

शपथ गावाला पाठ होती. मागच्या जत्रेत गाईच्या धडकेने ज्युस्तांच्या दोन बरगड्या मोडल्या, त्यातली एक फुप्फुसात घुसली. तीन आठवड्यांनी इस्पितळातून सुटला तेव्हा ओदीलने, त्याच्या बायकोने, त्याला घरी नेलंच नाही. थेट चर्चमध्ये नेलं आणि मारीमातेसमोर वदवून घेतलं, 'रिंगणातल्या वाळूला मी पुन्हा पाय लावणार नाही.'

वर्षभर त्याने शब्द पाळला. वर्षभर तो बदकांना मका घालायला जाताना फाटक न उघडता कुंपणावरून उडी मारून जात होता.

आणि मग त्याला टोपी आठवली. ज्या उडीसाठी तो पंचक्रोशीत ओळखला जायचा, त्या उडीत घोटे रुमालाने बांधतात, दोन्ही पावलं एका मऊ, चपट्या बेरे टोपीत घालतात आणि धावत येणाऱ्या गाईवरून जागच्या जागी उसळी घेतात. म्हणजे वाळूला लागते ती टोपी. पाय नव्हे. पत्ते खेळता खेळता त्याने हे फादरच्या कानावर घातलं. फादरनी बराच वेळ हातातल्या पानांकडे पाहिलं.

"शपथेत 'पाय' म्हणालास ना? टोपीबद्दल मारीमातेने मला काही कळवलेलं नाही," ते म्हणाले. "आणि हे मी बोललो, असं ओदीलला सांगू नकोस."

रिंगणाच्या मधोमध दोघांनी त्याचे घोटे बांधले, पावलं टोपीत घातली आणि त्याला अलगद उभं केलं. खुर्ची तिथेच टाकून ते कठड्यामागे पळाले. समोर कोंडवाड्याचं दार. दारामागे मानोला. मानोला दूध देणाऱ्या जातीची नव्हती, धडक देणाऱ्या जातीची होती, आणि दारावर शिंगं घासून ती तसं कळवतही होती.

तेवढ्यात लोकांच्या नजरा एकदम त्याच्या मागे वळल्या. ज्युस्तांने मान वळवली. मागच्या कठड्याशी ओदील उभी होती. एप्रनला बदकाची पिसं तशीच. अकरा वर्षांच्या संसारात ती एकदाही इथे आली नव्हती. जत्रेच्या दुपारी ती खिडक्या लावून घ्यायची आणि बदकं सोलत बसायची.

समोर गाय, मागे बायको, आणि पाय बांधलेले.

"कुणाकडे तोंड करतोस ते ठरव बाबा!" रेमों ओरडला.

दारावरच्या माणसाने ओदीलकडे पाहिलं. तिने नुसता हात हलवला असता तरी त्याने दार उघडलं नसतं. तिने कठड्याची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. हात हलवला नाही.

दार उघडलं. मानोला सरळ रेषेत आली. ज्युस्तांने तिला अगदी जवळ येऊ दिलं, इतकं की तिचा उच्छ्वास त्याच्या गुडघ्यांना लागला. मग गुडघे छातीशी घेऊन तो वर उडाला. शिंगं गेली, पाठ गेली, शेपूट गेलं. तो टोपीसकट वाळूवर उतरला, पुढे झुकला, एक हात टेकला. हाताची शपथ नव्हती.

बँड सुरू झाला. मानोलाला आत घेतलं. ओदील फळ्यांमधून वाकून रिंगणात आली आणि तरातरा चालत त्याच्यापाशी पोचली. बँड पुन्हा थांबला.

"ओदील, वाळूला पाय लागलेला नाही. हवं तर फादरना विचार."

"फादरना मी नंतर बघते," ती म्हणाली. वरच्या रांगेत फादर टोपी डोळ्यांवर ओढून घेत होते. तिने खुर्ची उचलून काखेत मारली. "माझी खुर्ची मी नेते. तू ये चालत."

"चालत कसा येऊ? पाय लागेल की!"

"मग राहा उभा."

लोक पोट धरून हसत होते. ज्युस्तां टोपीत उभ्या उभ्या लालबुंद झाला.

"बरं, हरलो. नवी शपथ घेतो. यापुढे टोपीत पाय घालूनही नाही, हातावर चालूनही नाही. उडीच नाही."

"ती नको. ती तुला झेपत नाही." ओदीलने खुर्ची खाली ठेवली. "मी सांगते तसं म्हण. ओदील कठड्याशी उभी असल्याशिवाय मी उडी मारणार नाही."

ज्युस्तां तिच्याकडे बघतच राहिला. "तू? तुला तर इकडचा बँडसुद्धा ऐकवत नाही."

"अकरा वर्षं घरी बसून मनातल्या मनात मी तुला नुसतं हवेतच बघितलंय," ती म्हणाली. "खाली उतरताना आज पाहिलं."