गच्चीवरची वीज

"एवढंच आहे ना भाऊजी, मग आठ दिवस मेन स्विच बंद ठेवा आणि दाखवा चालवून," तिचा धाकटा भाऊ जेवता जेवता म्हणाला.

भाऊ वीज कंपनीत वायरमन. गच्चीवरच्या त्या पवनचक्कीवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. तिचे यजमान मात्र पानावर बसल्यापासून तेच सांगत होते. पाइप चिरून पाती कशी केली, जुन्या मोटारीत तार नव्याने कशी भरली, आता घरातले सगळे दिवे वाऱ्यावर कसे जळतात. मोटार रिवायंडिंगचं दुकान बंद पडल्यावर हा माणूस खिडकीत नुसता बसून असायचा. आता कुठे छाती काढून चालायला लागला होता.

खरं काय ते फक्त तिला ठाऊक होतं.

चक्की बसवली त्याच आठवड्यात ऐन जेवणाच्या वेळी दिवे मिणमिणले आणि गेले. गल्ली आधीच हसत होती, हवेत इमले बांधतोय म्हणून. यजमान भरल्या ताटावरून उठले. तिला ते बघवेना. दुसऱ्या दिवसापासून दुपारी त्यांचा डोळा लागला की ती दुकानातला जुना चार्जर काढायची, स्वयंपाकघरातल्या प्लगला लावायची आणि चक्कीची वीज साठवणारी जिन्याखालची बॅटरी कंपनीच्या विजेवर गुपचूप भरून ठेवायची. ते उठायच्या आत सगळं जागच्या जागी. त्यानंतर दिवा एकदाही मिणमिणला नाही. या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं तिने, आणि त्याचा तिला भारी अभिमान होता. त्यांची चक्की काय, चालवते तर मीच, असं मनात म्हणून ती एकटीच हसायची.

आता मेन बंद झाला की चार्जर लावणार कुठे? दोन दिवसांत घरात काळोख, आणि हे पुन्हा त्या खिडकीत.

तिने विषय बदलून पाहिला. भावाला आग्रह करकरून वाढलं, त्याच्या बदलीचं विचारलं. पठ्ठ्या हटेना. उलट तिलाच म्हणाला, चालत असेल तर तू का घाबरतेस ताई?

"जा, हौस फेडून घे," यजमान म्हणाले.

भाऊ हात धुऊन बाहेर मीटरच्या पेटीकडे गेला. ती दाराला टेकून उभी राहिली. सांगून टाकावं का? पण भावासमोर यांचा चेहरा पडलेला तिला बघायचा नव्हता.

पेटीचं झाकण वाजलं. दिवे होते तसेच राहिले. भाऊ डोकं खाजवत आत आला.

"भाऊजी, मेन तर आधीच पाडलेला आहे."

"मीच पाडलाय," यजमान म्हणाले. "त्या रात्री दिवे गेले ना, दुसऱ्या दिवशी सकाळीच पात्यांचा कोन बदलला, मेन पाडला आणि प्लगसकट सगळं घर चक्कीवर घेतलं. हिला बोललो नाही, उगाच धास्ती घेतली असती. झकास चाललंय. फक्त रोज दुपारी मी जरा आडवा झालो की बॅटरी उतरते. तेवढं पाणी कुठं मुरतंय, ते काही सापडत नाही बघ."