तिसरं नाव

"उकरत बसू नकोस, मंजिरी. आडनाव बदलणारा माणूस काहीतरी करूनच पळालेला असतो," आप्पा लेकीला पुन्हा म्हणाले. शाळेच्या जुन्या रजिस्टरात आप्पांच्या आजोबांचं आडनाव खळदकर निघालं, तेव्हापासून ते धास्तावले होते. घराणं तांबटांचं, पण घरात कुणी कधी तांब्यावर हातोडा मारलेला नव्हता.

तरी तिच्यासोबत नाशकाला आलेच. रामकुंडाजवळच्या, यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी जपणाऱ्या गुरुजींनी गाव विचारलं आणि कपाटातून शंभर वर्षांपूर्वीची वही काढली. आजोबांचं अक्षर ठसठशीत होतं. मंजिरी मोठ्यानं वाचू लागली.

"प्लेगात आईबाप गेले. शेजारचे धोंडू तांबट यांनी मला पोटच्या पोरासारखे वाढविले. त्यांना मूलबाळ नाही. आज त्यांच्या अस्थी इथे सोडल्या. त्यांचे नाव पुढे चालावे म्हणून आजपासून मी केशव धोंडू तांबट."

आप्पांनी वही स्वतःकडे ओढली. कितीतरी वेळ ते त्या ओळींवरून बोट फिरवत राहिले.

दर पितृपंधरवड्यात ते वडील, आजोबा आणि पणजोबांना पाणी द्यायचे. पणजोबांचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. नाव माहीत नसलं की म्हणतात तसं, त्या जागी साठ वर्षं ते नुसतं 'यथानाम' म्हणत आले होते.

त्यांनी चष्मा काढून मंजिरीच्या हातात दिला आणि बाह्या वर सारल्या.

"गुरुजी, तर्पणाची तयारी करा. आज तिन्ही नावं मी सांगतो."