न दमणारी पोर

मूल दमलं की त्या दिवसाचं काम बंद, असा जाहिरातवाल्यांचा नियम होता आणि तो पाळायला मुलीसोबत एक मावशी नेमलेली होती. पण आई नियमाला पुरून उरली. तिने कागदोपत्री एकच मुलगी दाखवली आणि जुळ्यांतली दुसरी मागच्या दाराने नेऊन स्टुडिओतल्या कपड्यांच्या कपाटात बसवायला लागली. दुपारी फ्रॉक बदलायच्या निमित्ताने थोरली कपाटात शिरायची आणि ताजीतवानी धाकटी बाहेर यायची. संध्याकाळी मावशी धाकटीला घरी सोडायची, की आई गुपचूप जाऊन थोरलीला घेऊन यायची.

"कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही," हे आईने दोघींकडून अगदी घोटून घेतलं होतं.

आज मावशी चारलाच दारात हजर. धाकटीचा हात सोडत म्हणाली, "काय गुणी पोर हो तुमची, दिवसभर हूं की चूं नाही! आज लवकर आटपलं. तिथल्या कपड्यांना कसर लागलीय, औषधाचा धूर सोडणारेत."

आईने स्टुडिओच्या वॉचमनला फोन लावला. "दादा, आत कुणी राहिलं नाही ना? नीट बघितलंत ना?"

"बघितलं की, ताई. खोलीखोलीत जाऊन तीनतीनदा हाका मारल्या. कुणीच ओ दिली नाही, तेव्हाच धूर सोडून कुलूप लावलं."