पहिली हाक

जयाबाईनं अंगणात पोतं अंथरलं, त्यावर घरातली जुनी लुगडी रचली आणि नवऱ्याला म्हणाली, "बसा."

भरमू उभाच. अंगात कोट, डोक्याला टोपी, जसा काही आत्ताच दुकानात निघालाय. पण दुकान कुठलं? शेठजींचं दिवाळं निघालं आणि खडेबाजार, निपाणी, चिकोडी, तिन्हीकडच्या कापडदुकानांना एकदमच कुलपं लागली. नोकर रस्त्यावर आले. शेजारच्या रवळू विणकरानं भरमूला आपली लुगडी विकायला द्यायचं कबूल केलं होतं. उद्या खासबागचा बाजार. पण भरमूचा जन्म गेला पांढऱ्याशुभ्र गादीवर. तिथं गिऱ्हाईक आपल्या पायानं पायऱ्या चढून येई. हाका मारायच्या त्या भाजीवाल्यांनी.

"मातीत बसून वरडायचं मला न्हाय जमायचं, जये."

"म्हणून तर आज बसायचं. मी गिऱ्हाईक." जयाबाई पदर सावरून समोर बसली. दुकानाची पायरी ती कधी चढली नव्हती. नोकराच्या बायकोनं चढायची नसते. "काय दुकानदार, लुगडं दावा की एकादं."

भरमू नाइलाजानं टेकला. पण हाताला कापड लागलं मात्र, गडी बदलला. ठिगळाचं लुगडं त्यानं झोकात उलगडलं, पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकला, मान जराशी कलती केली. "इरकली काठ बघा. धुवा, आपटा, रंग हलायचा न्हाय. तुमच्यासाठी म्हणून चार रुपयं."

"रंग हलायला ऱ्हायलाय कुठं?" जयाबाईनं भोकात बोट घातलं. "लई म्हाग. नको मला." ती उठली आणि तरातरा चालू लागली.

"अगं जये!"

"जये? उद्या बाजारात बायांना असं नावानं हाकारशीला? मार खाशीला!"

"मग काय तुला आक्का म्हणू?"

ती थांबली नाही. दार ओलांडून गल्लीत गेली. गल्लीत दोन्ही अंगांनी मागांची खटखट चाललेली. भरमू खांद्यावरच्या पदरासकट उठला, दाराशी आला, खाकरला. आणि मग त्यानं आवाज लावला.

"ओ आक्काऽ! या की म्हागारी! चार ऱ्हाऊ दे, तुमी काय देनार ते बोला!"

रवळूचा माग थांबला. मग पलीकडचा. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली.

जयाबाईचे खांदे हसण्यानं गदगदत होते, पण ती वळली नाही. पहिल्या हाकेला कुठलं गिऱ्हाईक वळतं?