दारातला पाट

“गाडगं भरते, अन् लुगडी जागची हालत नाई,” कपाटाआडच्या गादीवर पुंडलिकराव पुटपुटले. दारात पाटावर बसलेल्या बेबीताईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नेरच्या मोटारस्टँडसमोरचं हे कापडाचं दुकान तिच्या या भावाचं, पुंडलिकरावांचं. अमरावतीच्या कुणा व्यापाऱ्यानं त्याच्या डोक्यात भरवून दिलं, की नुसती विक्री पाहून धंदा कळत नाही. किती माणूस आत आलं तेही मोजावं. मोजायला घरचं माणूस बरं, म्हणून विधवा बहिणीला दारात बसवलं. आत येईल त्याचा एक चिंचोका गाडग्यात टाकायचा.

नवरा गेल्यापासून बेबीताईनं परसाच्या भिंतीपलीकडचं काही पाहिलं नव्हतं. आता समोर मोटारी होत्या, केळीवाले होते, भांडणं होती. दुपारचं जेवणही ती विसरायची.

लग्नसराई आली. बस्ता घ्यायला आलेल्या बाया पायरी चढायच्या, तिला पाहायच्या, एकमेकींना कोपरानं ढोसायच्या आणि काहीतरी विसरल्याचं सांगत शेजारच्या दुकानात शिरायच्या. पहिल्यांदा चिंचोका तिच्या हातातच राहिला. मग वाटलं, गाडगं रिकामं दिसलं तर दादा कारण विचारील. तेव्हापासून परतणाऱ्यांचाही चिंचोका ती टाकू लागली. माल दाखवणारा किसनसिंग हे पाहायचा आणि घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालत बसायचा.

आजही एक वऱ्हाड पायरीवरूनच फिरलं. थोड्या वेळानं पुंडलिकराव उठून आले, गाडग्यात डोकावले, आणि त्यांनी निकाल लावून टाकला. लोक येतात, विकणाऱ्यालाच विकता येत नाही.

“किसनसिंग, तुह्या जिभेत काही दम नाई. उद्यापासून येऊ नको.”

किसनसिंगनं बेबीताईकडे पाहिलं. तांड्यावर त्याच्या जिवावर खाणारी तोंडं किती, हे तिला ठाऊक होतं. त्याच्या धाकटीच्या झबल्यासाठी उरलेले तुकडे तीच बाजूला काढून ठेवायची. पण एक शब्द बोललं, की पुन्हा परसाची भिंत.

रस्त्यावर केळीवाल्याशी कुणीतरी हुज्जत घालत होतं. बेबीताई ती मन लावून ऐकू लागली.

किसनसिंगनं पागोटं बांधलं, पायताणं घातली. उंबऱ्यावर थांबला. आवाज मात्र चढवला नाही.

“मालक, तुमच्या दुकानात लोकं येतेतच कुठं? ताईचं कपाळ पाह्यतेत, अन् पायरीवरूनच परततेत.”