फळ्यावरचे चष्मे

"बारावीला मानसशास्त्र घेतलंय ना, मग व्याख्या घोकत बसू नका," ठोसर मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक व्याख्येला घरातलं एखादं माणूस जोडा. आमच्या सासूबाई कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधायच्या. त्या आठवल्या की पेपरात अवधानाचं उत्तर आपोआप सुचतं."

वर्ग हसला. शेवटच्या बाकावरचा शाकीरसुद्धा हसला, याचं मात्र मॅडमना नवल वाटलं. एरवी एखादा जुना किस्सा निघाला, की "मॅडम, झालंय हे," असं तो तिथूनच ओरडायचा.

चष्म्याचं चित्र काढावं म्हणून त्या खडू घेऊन फळ्याकडे वळल्या. तास सुरू होताना त्यांनीच तो फळा स्वच्छ पुसला होता. आता त्यावर दोन चष्मे काढलेले होते. दोन्ही त्यांच्याच हातचे, एक दांडी नेहमीसारखी वाकडी.

गेल्याच आठवड्यात त्यांनी या मुलांना स्मृतिभ्रंश शिकवला होता. तो झालेला माणूस तीच गोष्ट पुन्हा सांगू लागला तर त्याला टोकायचं नाही, पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकायचं, हे बजावून सांगितलं होतं. परीक्षेत येणार नाही, पण लक्षात ठेवा, असंही म्हणाल्या होत्या.

मॅडम हळूच वळल्या. "शाकीर, सासूबाईंची गोष्ट मी आज आधी सांगितली का रे?"

शाकीर कधी नव्हे तो उभा राहिला.

"नाही मॅडम," तो खाली बघत म्हणाला. "पहिल्यांदाच ऐकतोय."