झोळीत बसायची पाळी

आधी स्वतः झोळीत बसायचं, मग रुग्णाला बसवायचं. फिजिओथेरपिस्ट मुलीने नियमच तसा घातला होता. वॉर्डातली एक रिकामी खाट मध्ये ओढली होती. शेजारी रुग्ण उचलायचं नवं यंत्र उभं होतं. लोखंडी खांब, त्यातून पुढे आलेला हात आणि हाताला टांगलेली निळी कापडी झोळी. भोवती नर्सेस, मावश्या, वॉर्डबॉय असा सगळा गोतावळा जमला होता. पहिलं कोण बसतंय, असं मुलीने विचारताच एकेकाला आपापली कामं आठवू लागली.

"मी बसते," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

सगळे चमकले. या यंत्राशी सिस्टरांचा उभा दावा होता. ते आलं त्या दिवशीच त्यांनी त्याच्यावर चादर टाकून दिली होती. मावश्या त्याच्या हातावर ओले ॲप्रन वाळत घालायच्या, त्यालाही त्यांची ना नव्हती. माणूस म्हणजे काय सिमेंटचं पोतं आहे का, असं त्या येईल त्याला ऐकवायच्या. अर्धांगवायूच्या रुग्णाला त्या स्वतः उचलत. त्याचे हात आपल्या गळ्यात घ्यायच्या, कानाशी काहीतरी गमतीचं बोलायच्या, आणि त्याचं हसून होईपर्यंत तो खुर्चीत बसलेला असायचा. खिडकीजवळचे आजोबा तर भेटायला येणाऱ्यांना सांगत की सिस्टरांबरोबर माझा रोज सकाळी नाच असतो, पाय तेवढे त्यांचे.

हा नाच सिस्टरांना जिवापाड प्रिय होता, आणि तोच आपल्या हातून जाणार अशी त्यांना धास्ती होती. कारण त्यांची पाठ पार कामातून गेली होती. गणवेशाच्या आत त्या पट्टा आवळून येत. घरी गेल्या की स्वयंपाकघरातल्या फरशीवर आडव्या व्हायच्या आणि भाजीत मीठ किती घालायचं ते नवऱ्याला तिथूनच सांगायच्या. तो बिचारा मीठ घालता घालता म्हणायचा, अगं, एकदाचं सांगून टाक ना तिथे.

सांगायचं कुणाला? मेट्रनबाईंना? मागे एका नर्सच्या तोंडून रुग्णाला उचलताना नुसतं "आई गं" निघालं होतं. ते मेट्रनबाईंच्या कानावर पडलं आणि तिची रवानगी चादरींच्या कोठीत झाली. दिवसभर चादरींच्या घड्या घालायच्या. चादरी काही गळ्यात हात टाकत नाहीत. तेव्हापासून या वॉर्डात कुणाचीही पाठ दुखत नव्हती.

आणि हे यंत्रही मेट्रनबाईंनीच वरच्यांच्या मागे हात धुऊन लागून आणलेलं. त्यामुळे सिस्टरांच्या मते डाव अगदी उघड होता. जो यंत्राकडे धावेल त्याची पाठ गेली असं समजायचं आणि त्याला कोठीत धाडायचं. पण सिस्टरही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. आज झोळीत बसायचं, सगळ्यांसमोर तिच्यात सतरा खोडी काढायच्या आणि ही ब्याद कायमची घालवायची, असं त्या ठरवूनच आल्या होत्या. मेट्रनबाई दाराशी उभ्या राहून सगळं बघत होत्या.

सिस्टर खाटेवर आडव्या झाल्या. मुलीने त्यांना कुशीवर वळवून झोळी खाली सरकवली, मांड्यांखालून पट्टे काढले, आकड्यांत अडकवले आणि बटण दाबलं. यंत्र मांजरासारखं गुरगुरलं. आधी गुडघे वर आले, मग खांदे, मग अख्ख्या सिस्टर. एका मावशीने हसू दाबायला तोंडावर हात धरला. आजोबांनी आपल्या चालत्या हाताने मांडीवरच टाळी वाजवली.

आता सगळे सिस्टरांच्या तोंडाकडे बघू लागले. ऐकवायला त्यांच्याकडे पुष्कळ होतं. पट्टे रुततात, अंग हेलकावतं, पोटात गोळा येतो, सगळं जिभेवर तयार होतं. पण सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या कपाळावरची आठी जन्मापासूनचीच आहे अशी वॉर्डाची समजूत होती. ती कुठल्या कुठे गेली होती.

मुलगी घाबरली. चक्कर येतेय का, खाली घेऊ का, म्हणून विचारू लागली.

"नको गं, उतरवू नकोस," सिस्टर म्हणाल्या. इतकं मऊ बोलताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. "पाठ दुखायची थांबलीये. किती वर्षांनी."

बोलून गेल्या, आणि मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं. खाडकन डोळे उघडले. पाय जमिनीला लागत असते तर त्या पळून गेल्या असत्या, पण आता हवेत लटकून राहण्याखेरीज इलाज नव्हता. मेट्रनबाई दारातून निघाल्या आणि सावकाश चालत खाटेपाशी आल्या. सिस्टरांना आता रडूच फुटणार होतं. त्यांनी मान वळवून एकदा आजोबांकडे बघून घेतलं.

"उतरवा त्यांना," मेट्रनबाई मुलीला म्हणाल्या. मग दोन्ही हातांनी खाटेचा कठडा धरून, अजिबात न वाकता, त्यांनी टाचेने टाच दाबून एकेक बूट काढला.

"आणि मला घ्या. माझी त्यांच्याही आधीपासून दुखतेय."